निकॉनचा पुढचा कॅमेरा: मेगापिक्सेल राहू द्या, रीडआउट विचारा

नमस्कार मंडळी. निकॉनचं पुढं काय येणार, हे आजकाल रोज कुणी ना कुणी विचारतंच. झेड मालिकेतला थोरला झेड ९, त्याचा वारसदार कधी? झेड ७ थ्री येणार की ती मालिका गुंडाळली? आणि जुना डी५०० (आरशाचा डीएसएलआर) वापरणारे तर अजून आस लावून बसलेत. तारखांचा अंदाज मी बांधणार नाही, ते काम करणारे पुष्कळ आहेत. मला आज एवढंच बघायचंय, की आपण जे जे मागतोय, त्यातलं एका बॉडीत काय मावतं आणि काय एकमेकांच्या पायात येतं.

[स्क्रीनवर: ४५.७]

हा आकडा बघा. २०१७ चा डी८५०, ४५.७ मेगापिक्सेल. २०१८ चा झेड ७, तेवढेच. झेड ७ टू, झेड ९, झेड ८, सगळीकडे तेवढेच. सोनी २०१९ मध्येच ६१ वर जाऊन बसली. त्यामुळे निकॉन मागं पडलं, असा एक सूर नेहमी ऐकू येतो. मला तो पटत नाही. आकडा तोच राहिला, पण आतला सेन्सर पार बदलला, आणि जो बदलला तो भाग जाहिरातीत मोठ्या अक्षरात कधी छापत नाहीत. तो भाग म्हणजे रीडआउट.

सेन्सर अख्खा फोटो एका दमात वाचत नाही. वरच्या ओळीपासून सुरू करतो आणि एकेक ओळ वाचत खाली येतो. पहिली ओळ ते शेवटची ओळ, यात जो वेळ जातो तो रीडआउट. झेड ७ ला सायलेंट मोडवर, म्हणजे यांत्रिक पडद्याशिवायच्या इलेक्ट्रॉनिक शटरवर टाकला, तर हा वेळ साधारण १/१५ सेकंद. तेवढ्या वेळात फलंदाजाची बॅट कुठल्या कुठं पोचते. मग वरच्या ओळींत बॅट एका जागी, खालच्या ओळींत दुसऱ्या जागी, आणि फोटोत सरळसोट बॅट केळ्यासारखी वाकलेली. तुमचा शटर स्पीड १/४००० असला तरी वाकणारच, कारण गडबड शटर स्पीडची नाहीच.

झेड ९ मध्ये हाच वेळ १/२७० सेकंदाच्या आसपास आला. यांत्रिक शटरचा पडदा साधारण याच वेगानं फ्रेम ओलांडतो. मग पडदा हवाच कशाला? २०२१ मध्ये निकॉननं तो काढूनच टाकला. हे शक्य झालं स्टॅक्ड सेन्सरमुळे: पिक्सेलच्या थराखालीच वाचणारी सर्किटं आणि मेमरी, त्यामुळे डेटा लांब धावत नाही.

आता इथं खरी गंमत आहे. वेग फुकट मिळत नाही. २०२४ चा झेड ६ थ्री घ्या. त्यात पार्शियली स्टॅक्ड सेन्सर आहे, म्हणजे वेगवान सर्किटं पिक्सेलच्या पट्ट्याच्या वर आणि खाली बसवलेली. खर्च कमी, वेग मधला. किती मधला, ते फ्लॅश लावला की कळतं: इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅश सिंक (फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत जलद शटर स्पीड) १/६० ला थांबतो. शिवाय बेस आयएसओला (सेन्सरची सगळ्यात खालची, सगळ्यात स्वच्छ संवेदनशीलता) काढलेल्या फोटोत सावल्या खूप उजळवल्या, तर झेड ६ टू पेक्षा नॉईज (दाणेदारपणा) जरा जास्त दिसतो. सोनीनं ए९ थ्रीमध्ये तर थेट ग्लोबल शटर आणलं, सगळ्या ओळी एकाच क्षणी. बॅट वाकायचा प्रश्नच मिटला. पण बेस आयएसओ २५०, म्हणजे बराच वरचा! प्रत्येक पिक्सेलमध्ये साठवणीलाही जागा द्यावी लागते, म्हणून प्रकाश भरून घेण्याची ऐपत घटते.

म्हणून "ग्लोबल शटर द्या, शंभर मेगापिक्सेल द्या, डायनॅमिक रेंजही (उजळ ते गडद सगळा तपशील टिपायची ताकद) वाढवा आणि वजन कमी करा" अशी यादी वाचली की मला हसू येतं. लग्नाची यादी परवडली.

झेड ७ थ्रीबद्दल माझं मत याच हिशोबातून येतं. ४५.७ मेगापिक्सेलचा वेगवान कॅमेरा हवा असेल तर झेड ८ आहेच, मे २०२३ पासून. तोच सेन्सर घालून झेड ७ थ्री काढण्यात काही हशील नाही. त्याला जागा आहे ती उलट्या दिशेनं: ६० च्या पुढचे मेगापिक्सेल, संथ पण स्वच्छ सेन्सर, आयएसओ ६४ कायम, यांत्रिक शटर कायम. ट्रायपॉडवर डोंगर टिपणाऱ्याला रीडआउटचं काय सोयरसुतक? स्टुडिओवाल्यालाही नाही. हा कॅमेरा निकॉन काढेल का, यावर मी पैज लावणार नाही, पण काढला तर असाच काढावा.

झेड ९ च्या वारसदाराकडून काय हवं, ते मात्र अगदी नेमकं सांगता येतं. व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायचा छोटा पडदा) तर हवाच. झेड ९ चा ३६.९ लाख डॉटचा, आणि धाकट्या झेड ६ थ्रीचा ५७.६ लाख. थोरल्याला हे शोभत नाही.

पण माझी पहिली मागणी वेगळीच आहे: रॉमध्ये, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा जपणाऱ्या फाइलमध्ये, प्री-कॅप्चर.

[स्क्रीनवर: फांदीवर बसलेला खंड्या]

हा खंड्या बघा. पाण्यावर नजर, मान किंचित पुढं. तो झेपावला हे डोळ्यांना कळून बोट दाबेपर्यंत पाव सेकंद गेलाच, आणि फ्रेममध्ये उरली नुसती फांदी. यावर उपाय निकॉनकडे आहे. बटण अर्धं दाबून धरायचं, कॅमेरा आतल्या आत फ्रेम साठवत राहतो, आणि पूर्ण दाबलं की आधीचा एक सेकंदसुद्धा कार्डवर उतरतो. म्हणजे झेप घेण्याआधीचं पंख उचलणंही मिळतं. मग अडलं कुठं? झेड ९ आणि झेड ८ वर हे सगळं फक्त जेपीईजीमध्ये. पांढऱ्या छातीचा खंड्या, मागं काळोखी झाडी, नेमका जिथं रॉ हवाच, तिथं छातीवरचा तपशील जळाला की परत येत नाही. कॅननच्या आर५ मार्क टू ला आणि सोनीच्या ए९ थ्री ला हे रॉमध्ये जमतं. इथं निकॉन खरंच मागं आहे, आणि हे मेगापिक्सेलपेक्षा कितीतरी जास्त खुपतं.

बॅटरीचं एका वाक्यात: डी८५० ची सीपा रेटिंग (एका चार्जवर किती फोटो, याचं प्रमाणित मोजमाप) १८४० शॉट, झेड ८ ची सुमारे ३४०. प्रत्यक्षात बर्स्टमध्ये (सलग फोटो काढताना) यापेक्षा बरेच जास्त मिळतात, तरीही खिशात दोन जास्तीच्या लागतातच.

आता डी५०० वाले. २०१६ चा तो कॅमेरा म्हणजे थोरल्या डी५ ची फोकस यंत्रणा लहान (डीएक्स) सेन्सरच्या बॉडीत. त्यानंतर झेडमध्ये झेड ५०, झेड एफसी, झेड ३० आणि २०२४ मध्ये झेड ५० टू आले, सगळे २०.९ मेगापिक्सेलचेच, आणि एकातही बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हाताचा थरथराट सावरणारी सोय) नाही. राग समजू शकतो. पण झेड ८ ला डीएक्स क्रॉपवर, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग वापरायला, टाकलं की १९.४ मेगापिक्सेल उरतात, तोच स्टॅक्ड वेग, तोच बर्ड डिटेक्शन. माझ्या मते डी५०० चा वारसदार तिथंच बसलाय, फक्त तो महाग आणि जड आहे. स्वस्त आणि हलका हवा असेल तर वेगवान डीएक्स सेन्सर लागेल, आणि तो एकाच मॉडेलसाठी बनवणं कुठल्याही कंपनीला जडच जाणार.

एक्सपीड ७ प्रोसेसर आधी २०२१ मध्ये झेड ९ मध्ये आला आणि २०२५ मध्ये धाकट्या झेड ५ टू पर्यंत उतरला. चार वर्षं. म्हणून वरचा कॅमेरा तुम्ही कधीच घेणार नसलात, तरी त्यात कोणता प्रोसेसर येतो इकडं लक्ष ठेवा.

मग थांबायचं की घ्यायचं? पक्षी आणि खेळ टिपत असाल तर झेड ८ आज घ्या. हाच सीझन वाया घालवू नका. लँडस्केप किंवा स्टुडिओ असेल आणि हातात झेड ७ टू असेल, तर तूर्त काहीच घेऊ नका, पैसे लेन्समध्ये घाला. आणि पहिलाच कॅमेरा असेल तर झेड ५ टू. त्यात दोन कार्ड स्लॉट आहेत, लग्नाचं काम पुढंमागं घेतलंत तर ते लागतील.