टुप्प! – काडीवरच्या केकची गोष्ट

नमस्कार मंडळी! रेडिओवर काही दाखवता येत नाही, फक्त ऐकवता येतं, म्हणून सुरुवात एका आवाजानेच करते. टुप्प.

ऐकलात? हा आवाज केक पॉपचा. म्हणजे काडीला टोचलेला केकचा छोटासा गोळा तुम्ही वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवला, वर काढला, आणि वर आली ती नुसतीच काडी. गोळा गेला तळाशी. मग आपण काट्याने त्याला शोधत बसतो, तोवर त्याचा चुरा सगळ्या चॉकलेटमध्ये पसरतो आणि पुढचे सगळे पॉप दोन दिवस दाढी न केल्यासारखे खरखरीत निघतात. मी पहिल्यांदा केले ना, तेव्हा २४ गोळे वळले होते. त्यातले ११ असे बुडाले, उरलेल्या १३ मधले ५ वाळायला उभे केले तर काडीवरून हळूहळू खाली उतरायला लागले, लिफ्टमधून उतरतात तसे अगदी शांतपणे. भाच्याचा वाढदिवस होता. पॉप ८ आणि मुलं १५. पुढचं काही सांगत नाही.

तर ज्यांना केक पॉप म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. तयार केक कुस्करायचा, त्यात थोडं क्रीम घालून गोळे वळायचे, गार करायचे, काडी टोचायची आणि चॉकलेटमध्ये बुडवायचे, झालं. २००८ च्या सुमाराला अमेरिकेत अँजी डडली नावाच्या बाईंनी हे असे काडीवरचे केक केले आणि तिथून ते सगळीकडे पसरले. दिसतात अगदी नाजूक, पार्टीतल्या टेबलावर मिरवणारे, आणि म्हणून सगळ्यांचं लक्ष जातं वरच्या रंगाकडे, स्प्रिंकल्सकडे म्हणजे त्या साखरेच्या रंगीत दाण्यांकडे, डोळे-नाक-कान काढण्याकडे. पण माझं ऐकाल तर पॉप काडीवर राहणार की बुडणार हे ठरतं ते फार आधी, तुमच्या हातात चुरा असतो तेव्हाच.

आता केक कुठला घ्यायचा? साधा स्पंज, चॉकलेट, अंड्याचा, बिनअंड्याचा, कुठलाही चालतो. फुगला नाही म्हणून हिरमुसून बाजूला ठेवलेला सुद्धा चालतो, उलट त्याच्यासारखा दुसरा उपयोग नाही. फक्त पूर्ण गार झालेला पाहिजे, आदल्या दिवशीचा असेल तर अजून उत्तम. गरम केक कुस्करलात तर चुरा होत नाही, लगदा होतो. आणि वरचा, कडेचा जो तपकिरी कडक भाग असतो तो आधी सुरीने काढून टाका, (खाऊन टाका म्हणजे, टाकायचा कशाला) कारण तो कितीही कुस्करला तरी त्याच्या कण्या राहतात आणि गोळा वळताना त्या जागी भेग पडते. केकचे दोन तुकडे एकमेकांवर घासले की छान बारीक चुरा पडतो, नाहीतर मिक्सरला दोन-तीनदा नुसतं फिरवून बंद करायचं. रव्यासारखा दिसला पाहिजे.

आणि आता क्रीम. इथे सगळ्यांचा हात सैल सुटतो, माझाही सुटला होता! साधारण ४५० ग्रॅम चुरा असेल तर बटरक्रीम किती? तीन ते चार टेबलस्पून. बस. मी त्या दिवशी अख्खा वाडगा ओतला होता, म्हटलं जास्त क्रीम म्हणजे जास्त मऊ, जास्त छान. मऊ झालं पण जड झालं आणि इतकं ढिलं झालं की काडीला धरून राहायला त्यात काही उरलंच नाही. केकमध्ये आधीच बटर असतं, तेल असतं, ओलावा असतो, क्रीमचं काम फक्त कणाला कण चिकटवण्याचं. बटरक्रीम घरी करायचं तर ५० ग्रॅम मऊ बटर आणि १०० ग्रॅम आयसिंग शुगर छान फेटायची, लागलंच तर चमचाभर दूध, यातलं निम्मं उरेलच बघा. केक मुळातच ओलसर असेल, चॉकलेटचे बरेचदा असतात, तर एक-दोन चमच्यांतच काम होतं.

म्हणून मी आता चमचे मोजतच नाही, मूठ बघते. एक चमचा क्रीम घालायचं, बोटांच्या टोकांनी चोळून मिसळायचं, मग मूठभर चुरा घेऊन घट्ट दाबायचा आणि मूठ उघडायची. गोळा विस्कटून पडला तर अजून अर्धा चमचा क्रीम. गोळा उभा राहिला, त्यावर तुमच्या बोटांचे ठसे स्पष्ट उमटलेत आणि तळहात जवळजवळ कोरडा आहे, तर थांबा, झालं. तळहातावर चकचकीत तुपकट थर आला, गोळा सोडवताना हाताला चिकटला, तर जास्त झालं, मुकाट्याने अजून केक कुस्करून घाला. अजून एक बघायचं, तो गोळा अंगठ्याने हळूच दाबायचा. कडेला बारीकशी भेग पडली तर चालेल, पण भेग न पडता नुसता पसरला तर तो काडीवर टिकणार नाही, लिहून घ्या.

वजनाचं म्हणाल तर एक गोळा २५ ते ३० ग्रॅमचा, त्याहून मोठा करू नका. घरात छोटा काटा असेल तर पहिले चार-पाच वजन करून घ्या, मग हाताला अंदाज येतो. या मापात १७ ते २० पॉप होतात. मोठा पॉप दिसायला झकास, पण वजन वाढलं की काडीला पेलवत नाही, आणि शिवाय मुलं अर्धा खाऊन ठेवून देतात. वळताना आधी मुठीत दोन-तीनदा घट्ट आवळायचा आणि मगच दोन्ही तळहातांत गोल फिरवायचा. थेट फिरवायला गेलात तर बाहेरून गुळगुळीत आणि आतून पोकळ राहतो. हात गरम असतील तर मध्येमध्ये गार पाण्याखाली धुवायचे आणि कोरडे, अगदी कोरडे पुसायचे.

गोल सोडून दुसरे आकार करायचे असतील तर ही युक्ती ऐका. आधी सगळे गोलच वळायचे, १५-२० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचे, मग एकेक बाहेर काढून आकार द्यायचा. ताज्या गोळ्याला आकार दिला की तो सुस्तावतो, परत गोल व्हायला बघतो, थोडा गार झालेला मात्र सांगाल तसा ऐकतो. पत्त्यांतला बदाम करायचा तर गोळा हलकासा चपटा करा, एक बाजू दोन बोटांत धरून निमुळती करा आणि समोरच्या बाजूला काडी आडवी धरून मधोमध खाच दाबा, मग त्या दोन्ही उंचवट्यांना बोटाने गोलाई द्या. भोपळा करायचा तर गोळा वरून थोडा दाबा आणि टूथपिकने उभ्या खाचा पाडा. चौकोनी हवा असेल तर टेबलावर ठेवून चारही बाजूंनी सपाट पट्टीने हळूहळू थोपटा. अस्वलाला कान वेगळे वळू नका हो, सरळ दोन चॉकलेट चिप्स लावा वितळलेल्या चॉकलेटच्या थेंबाने. आणि काय वाट्टेल ते करा पण खाचा तुम्हाला बऱ्या वाटतात त्याच्या दुप्पट खोल पाडा, कारण वरून चॉकलेटचा थर बसला की बारीक कोरीवकाम सगळं बुजतं. मी एकदा तासभर बसून सशांना मिशा काढल्या होत्या केकमध्येच. बुडवल्यावर सगळे ससे बटाट्यासारखे दिसत होते!

आकार झाले की परत फ्रीजमध्ये, तासभर तरी. घाई असेल तर फ्रीजर १५ मिनिटं, पण गोठवायचे नाहीत हं, इथे गंमत आहे. गोळा बर्फासारखा गार असेल आणि वरचं चॉकलेट कोमट, तर चॉकलेट क्षणात घट्ट बसतं, मग आतला केक हळूहळू नॉर्मलला येताना किंचित फुगतो आणि वरच्या कवचाला तडा जातो. रात्री ठेवलेले गुळगुळीत पॉप सकाळी भेगाळलेले दिसतात ते यामुळे. म्हणून गोळे घट्ट हवेत पण गोठलेले नकोत, फ्रीजमधून काढून पाचेक मिनिटं बाहेर ठेवले की बरोबर होतात. आणि सगळे एकदम बाहेर काढू नका, पाच-पाच काढा.

आता चॉकलेट. दुकानात दोन प्रकार मिळतात, एक खरं चॉकलेट ज्यात कोको बटर असतं आणि दुसरं कंपाउंड ज्यात त्याऐवजी वनस्पती तेलाचा फॅट असतो. चव खऱ्याची भारी, वादच नाही. पण खरं चॉकलेट नुसतं वितळवून लावलं तर ते नीट सुकत नाही, हाताला लागतं आणि नंतर पांढुरके पट्टे उमटतात, कारण कोको बटरचे कण वेडेवाकडे जमतात. ते सरळ जमवायला टेम्परिंग करावं लागतं, म्हणजे डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८ वर आणायचं आणि परत ३१-३२ पर्यंत नेऊन त्याच तापमानाला वापरायचं. थर्मामीटर आणि पेशन्स दोन्ही असेल तर जरूर करा. माझ्याकडे थर्मामीटर आहे. म्हणून पहिल्या-दुसऱ्या खेपेला कंपाउंडच घ्या असं मी बिनधास्त सांगते, नाक मुरडणाऱ्यांना मुरडू दे.

मायक्रोवेव्हमध्ये वितळवत असाल तर पॉवर निम्मी, ३०-३० सेकंद, दर वेळी बाहेर काढून ढवळायचं. आणि पाणी! एक थेंब नको. भांडं ओलं, चमचा ओला, वाफ पडली, काहीही झालं तरी चॉकलेटमधली साखर त्या थेंबाला धरून गोळा होते आणि सगळं चॉकलेट वाळूसारखं रवाळ होऊन बसतं. याच कारणाने साधे पाण्यातले खाण्याचे रंग इथे चालत नाहीत, तेलातले किंवा पावडरचे लागतात. घट्ट वाटलं तर दूध घालायचा मोह होतो, घालू नका, बिनवासाचं तेल घाला, २०० ग्रॅमला एक छोटा चमचा पुरतो. चमच्यातून सलग रिबनसारखं पडलं पाहिजे. आणि पसरट वाडग्यात नको, उंच अरुंद ग्लासात घ्या म्हणजे पॉप एका बुडीत पूर्ण बुडतो.

काडीचं टोक आधी सेंटीमीटरभर चॉकलेटमध्ये बुडवायचं आणि मग गोळ्यात खुपसायचं, निम्म्याच्या थोडं पुढे, आरपार नाही. हा आपला डिंक. हा सुकेपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबायचं, आणि ही दोन-तीन मिनिटं कोणीच थांबत नाही! मी तेव्हा थांबले नव्हते. मग सरळ खाली बुडवायचं, ढवळायचं नाही, गोल फिरवायचं नाही, सरळ खाली आणि सरळ वर. काडी जिथे केकमध्ये शिरते तिथपर्यंत चॉकलेट आलंच पाहिजे, ते तिथलं सील असतं. वर काढला की थोडा तिरका धरायचा, आणि काडी धरलेल्या हाताच्या मनगटावर दुसऱ्या हाताने हलकेच टक टक टक करायचं. काडीला नाही, मनगटाला. जादाचं चॉकलेट थेंबाथेंबाने खाली पडतं, आपण काडी सावकाश फिरवत राहायचं. थेंब थांबले की बघा कुठे टाचणीएवढं भोक राहिलंय का, राहिलं असेल तर बोटाने चॉकलेट लावून बुजवा, नाहीतर तासाभराने तिथून तेल किंवा केकची बारीक अळी बाहेर डोकावते. खरंच, अळीच दिसते ती.

स्प्रिंकल्स टाकायच्या तर लगेच, गार गोळ्यावर कंपाउंड मिनिटभरात सुकतं. मी बुडवते आणि दुसरं कोणीतरी शेजारी उभं राहून टाकतं, हे काम मुलांना जाम आवडतं. उभे करायला थर्माकोलचा ठोकळा घ्या, नाहीतर खोक्याला भोकं पाडा, नाहीतर भोकाची मोठी चाळणी उलटी ठेवा. भोकं आधी पाडून ठेवा म्हणजे झालं, ठिबकणारा पॉप हातात घेऊन स्क्रूड्रायव्हर शोधायची वेळ माझ्यावर आली आहे.

बटरक्रीमचे पॉप फार उकाडा नसेल तर बाहेर एक-दोन दिवस राहतात, क्रीम चीज घातलं असेल तर मात्र फ्रीजच. फ्रीजमधून काढल्यावर डबा लगेच उघडू नका, बंद डब्यातच अर्धा तास राहू द्या, नाहीतर सगळ्यांना घाम फुटतो आणि रंग ओघळतात. आणि अगदी लहान मुलांना काडी काढून द्या, तुकडे करून द्या, तोंडात काडी घेऊन पळायचं नाही हे मोठ्यांनाही सांगा.

गेल्या महिन्यात भाच्यानेच परत केक पॉप मागितले. तो आता दहावीत आहे, मला वाटलं जुनं सगळं विसरला असेल. मी पहिला पॉप ग्लासात बुडवला, वर काढायच्या आत हा मागून म्हणतो, "मावशी, टुप्प?"

नाही झालं. मी मनगटावर टक टक करत राहिले.