हेलिपॅड आणि आजीच्या कुरडया

श्रोतेहो, नमस्कार. निवडणुका आल्या की तालुक्यातालुक्यात एक दृश्य हमखास दिसतं. शाळेच्या मैदानावर चुन्यानं मोठा गोल काढलेला, गोलात इंग्रजी 'एच', आणि भोवतीच्या दोरीला लटकलेली अर्धी शाळा. आपण म्हणतो, झालं हेलिपॅड. पण ते झालेलं नसतं. हेलिपॅड जमिनीवर जेवढं असतं, त्याच्या कितीतरी पट ते हवेत असतं. आज तेवढंच सांगायचंय. म्हणजे सांगायचंय तेवढंच, पण मला ते एका आजींच्या कुरडयांवरून कळलं, त्यामुळे वेळ थोडा जास्त लागेल.

मी तेव्हा बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता होतो. नोकरीला तीन वर्षं झालेली. एप्रिलचा महिना, गाव तालुक्याचं, माळवदांच्या घरांचं. रात्री नऊला फोन आला : परवा साडेदहाला मंत्रिमहोदय हेलिकॉप्टरनं येणार, हायस्कूलच्या मैदानावर हेलिपॅड करा. मी आयुष्यात हेलिपॅड पाहिलेलं नव्हतं. वरिष्ठांनी एक चक्रमुद्रित कागद पाठवला. त्यावर मापं होती, गोल होता, 'एच' होता. आम्ही रात्रीच मुरूम टाकला, सकाळी रोलर फिरवला, टँकरनं पाणी मारलं. गोल मी स्वतः काढला. मधोमध खुंटी, तिला सुतळी, सुतळीच्या टोकाला फक्कीचा डबा. 'एच' मात्र शाळेच्या चित्रकलेच्या सरांनी काढला, आणि असा देखणा काढला की हेडमास्तर म्हणाले, हा कायमचा राहू द्या.

(जाता जाता एक सांगतो. शाळेचं मैदान हे मुलांचं असतं. ते सभेला, लग्नाला, प्रदर्शनाला आणि हेलिकॉप्टरला द्यायचं, आणि मुलांना मात्र कबड्डीसाठी रस्ता दाखवायचा, हे मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही. असो.)

मैदानाच्या उत्तरेला विजेच्या तारा होत्या. त्या वायरमनला सांगून सकाळपुरत्या उतरवल्या. बंब आला, रुग्णवाहिका आली, बंदोबस्त लागला. साहेब पाहणी करून गेले, म्हणाले, उत्तम. आणि पूर्वेला, मैदानाला खेटून, एक जुनं माळवदाचं घर होतं. त्या माळवदावर पांढरंशुभ्र काहीतरी पसरलेलं होतं. कुरडया. दोन पायली गव्हाच्या कुरडया, एका जुन्या नऊवारी लुगड्यावर ओळीनं घातलेल्या.

मी गेलो. म्हटलं, "आजी, उद्या सकाळी हे वाळवण तेवढं आत घ्या. हेलिकॉप्टर येणार आहे."

आजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुजं इमान मैदानात उतरनार का माज्या माळवदावर?"

"मैदानात, आजी."

"मग माज्या कुरडयांनी काय त्याचं घोडं मारलंय?"

श्रोतेहो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला खरंच वाटलं, बाई बरोबर बोलतायत. गोल इथं, कुरडया तिथं. मधे चांगलं शंभर-सव्वाशे फूट अंतर. मी परत आलो.

दुसऱ्या दिवशी, साडेदहाचं सव्वाअकरा झालं. मग आवाज आला, मग ठिपका दिसला, मग पोरांचा गलका. वारा कळावा म्हणून आम्ही ओला पाला पेटवून धूर केला होता, तो पूर्वेकडून येत होता. हेलिकॉप्टर पश्चिमेकडून, वाऱ्याला तोंड देत, अगदी कागदात लिहिल्यासारखं खाली येत होतं. पन्नास फुटांवर आलं असेल. पहिल्यांदा गोल गेला. माझा सुतळीनं काढलेला गोल फक्कीसकट उधळला. मग सायकल स्टँडवरचे दोन पत्रे गेले. मग स्वागताच्या मांडवाची कनात फुगली, तिला आठ माणसं लोंबकळली. आणि मग पूर्वेकडून, मी बघतोय, ते लुगडं उठलं.

आधी एक कोपरा उठला. मग सगळंच. कुरडया टोळधाडीसारख्या मैदानावर आल्या, आणि लुगडं, नऊ वार लुगडं, पदर पसरून सरळ वर गेलं, गरकन वळलं आणि हेलिकॉप्टरच्या दिशेनं निघालं. आता तुम्ही म्हणाल, हेलिकॉप्टर वारा बाहेर फेकतं, मग कापड त्याच्याकडे कसं जाईल? मलाही तेच वाटायचं. पण तो वारा जमिनीला आपटतो, चहूबाजूंना पसरतो, भिंतीला धडकून वर उठतो आणि वरून फिरून पुन्हा पंख्यात ओढला जातो. ओढ्यातल्या भोवऱ्यासारखा, फक्त उभा.

वैमानिकानं काय केलं? एका क्षणात यंत्र उचललं, डावीकडे कलतं केलं आणि निघून गेला. मैदानावर शांतता. मंत्री आभाळात, हारवाले जमिनीवर, आणि लुगडं बंबाच्या शिडीवर. माझे साहेब माझ्याकडे बघत होते. मी लुगड्याकडे बघत होतो.

दहा मिनिटांनी ते परत आलं, या खेपेला माळवदापासून बरंच अलीकडे, मैदानाच्या पार पश्चिम कडेला उतरलं. सरांचा तो देखणा 'एच' तसाच राहिला, कोणी वापरलाच नाही.

मंत्री सभेला गेले. वैमानिक मागे राहिला. हवाई दलातून निवृत्त झालेला, मिशा पिकलेल्या, हिंदीत बोलणारा माणूस. मला वाटलं, आता नोकरी गेली. त्यानं मला जीपपाशी बोलावलं. बॉनेटवर ही धूळ. तिच्यावर त्यानं बोटानं गोल काढला, शेजारी माझी काडेपेटी ठेवली, ही शाळा. चहाचा पेला हातात घेतला, हे हेलिकॉप्टर. आणि पेला सरळ वरून गोलात न ठेवता, लांबून तिरका तिरका आणत गोलात ठेवला. पेला काडेपेटीला लागला. काडेपेटी त्यानं मागे सरकवली. पुन्हा पेला आणला. पुन्हा लागला. पुन्हा मागे सरकवली. म्हणाला, "गोल तुम्ही छान काढता हो. पण मी गोलातून येत नाही. मी इथून येतो." आणि त्या तिरक्या वाटेवरून बोट फिरवलं.

मग लुगड्याचं सांगितलं. मोठा पंखा एकीकडे फिरतो, तर धड उलटं फिरायला बघतं. त्याला धरून ठेवतो तो शेपटीवरचा छोटा पंखा. त्या छोट्या पंख्यात नऊ वार कापड गुंडाळलं गेलं, की सगळं हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरणार. "फिर हम भी कुरडई," असं म्हणून तो हसला. कुरडई हा शब्द त्यानं तेवढ्यात हवालदाराकडून शिकून घेतला होता.

तर, त्या तिरक्या वाटेचा हिशेब. तो लक्षात ठेवा, सोपा आहे. आठ फूट पुढं, एक फूट वर. अमेरिकेच्या नियमांत हाच आहे, आणि आंतरराष्ट्रीय नियमांत साडेबारा टक्क्यांचा जो उतार सांगतात तोही हाच. पुन्हा सांगतो : आठ फूट पुढं, एक फूट वर. त्या तिरक्या रेषेच्या वर काही डोकावता कामा नये. पंचवीस फूट उंचीचा खांब असेल तर तो उतरायच्या जागेच्या कडेपासून दोनशे फूट लांब हवा. चाळीस फुटी इमारत असेल तर तीनशे वीस. आणि अशी वाट एक पुरत नाही, शक्यतो दोन, एकमेकींच्या समोरासमोर. कारण वारा आज पूर्वेचा, उद्या पश्चिमेचा. म्हणून तर तिथं वाऱ्याची पिशवी लावतात. जमिनीवरच्या तळाला २.४ मीटर लांबीची, गच्चीवरच्या तळाला १.२ मीटरची. तो 'एच'सुद्धा मापाचा असतो, किमान तीन मीटर उंच, १.८ मीटर रुंद. रुग्णालयाच्या तळावर पांढरा क्रॉस आणि त्यात लाल 'एच'.

रुग्णालयावरून आठवलं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. आणि हेलिकॉप्टरची खरी गरज कुणाला? रुग्णालयाला! मला विचाराल तर रुग्ण घेऊन येणाऱ्याला सगळा आवाज माफ. पण नवरदेवाला वरातीसाठी हेलिकॉप्टर कशाला लागतं, हे मला आजवर कळलेलं नाही. बैलगाडीतून गेलेल्या वराती टिकल्याच की.

तारांचं वेगळं सांगायला हवं. वैमानिकाला तार दिसत नाही. त्याला खांब दिसतो, आणि दोन खांब दिसले की मधे तार आहे असं तो समजून चालतो. २५ मे २०१७ ला निलंग्यात मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उडाल्यावर लगेच खाली आलं, तारांत अडकलं आणि वस्तीलगत कोसळलं. आतली सगळी माणसं वाचली. ती बातमी ऐकली तेव्हा मला माझा वायरमन आठवला. मेच्या उन्हात हवा विरळ होते, तेच यंत्र थंडीत जेवढं वजन उचलतं तेवढं उन्हात उचलत नाही. अशा वेळी वाट लांब आणि मोकळी लागते. आणि आपल्या सभा नेमक्या एप्रिल-मे महिन्यांतच!

आता शहराचं. शहरात मैदानं नाहीत, म्हणून माणसं गच्चीकडे बघतात. न्यूयॉर्कमध्ये पॅन ॲम बिल्डिंग नावाची ५९ मजली इमारत होती, तिच्या गच्चीवर हेलिकॉप्टरची नियमित सेवा चालायची. १६ मे १९७७. संध्याकाळ. हेलिकॉप्टर उतरलेलं आहे, उडत नाहीये, पंखे फिरतायत, माणसं चढतायत. खालच्या चाकाच्या आधाराचा एक भाग, धातू थकून, मोडला आणि हेलिकॉप्टर कुशीवर पडलं. पंख्याच्या पात्यांनी गच्चीवरची चार माणसं मेली. आणि पात्याचा एक तुकडा खाली पडला, पलीकडच्या मॅडिसन ॲव्हेन्यूवर, तिथं चालणाऱ्या एका बाईंच्या अंगावर. त्या बाईंचा त्या हेलिकॉप्टरशी काय संबंध होता? माझ्या आजींचा होता तेवढाच. तो तळ त्यानंतर पुन्हा उघडला नाही.

लॉस एंजेलिसनं उलटंच केलेलं. १९७४ पासून तिथं नियम होता, उंच इमारत बांधायची तर गच्ची सपाट ठेवा, आग लागली तर हेलिकॉप्टर उतरलं पाहिजे. म्हणून त्या शहराच्या सगळ्या उंच इमारतींचे माथे सुरीनं कापल्यासारखे. २०१४ मध्ये हा नियम सैल केला.

आपल्या मुंबईत 'अँटिलिया'वर तीन हेलिपॅडची सोय केली, त्यावरून किती चर्चा झाली तुम्हाला आठवत असेल. दक्षिण मुंबईतल्या अशा गच्च्यांना नौदलानं हरकत घेतली होती. आणि तिकडे जुहूचा विमानतळ, १९२८ पासूनचा. जेआरडी टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन तिथंच उतरले. आज तिथून हेलिकॉप्टरं समुद्रातल्या तेलविहिरींवर जातात. भोवतालच्या इमारतींना त्यामुळे उंचीची मर्यादा आहे, आणि तिथली माणसं त्यावर कुरकुर करतात. कुरकुर मला समजते. घराची पुनर्बांधणी अडली की कुणीही करील. पण आठाला एक हा हिशेब एकदा मोडला की मोडला. मजला चढवता येतो, उतरवता येत नाही.

आजींचं राहिलं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो, धुऊन घडी घातलेलं लुगडं घेऊन. सरकारी मोजमाप पुस्तिकेत मुरूम लिहिता येतो, चुना लिहिता येतो, कुरडया कुठल्या लेखाशीर्षाखाली लिहिणार? म्हणून स्वतःच्या पैशांनी दोन पायली गहू घेतला आणि पोतं ओसरीवर ठेवलं. आजींनी पोत्याकडे बघितलंही नाही. "गहू दिलास. तीन दिस भिजत घालून चीक कोन काढनार? तू?" मी गप्प. मग जरा वेळानं म्हणाल्या, "त्यो चालवनारा वाचला न्हवं?" म्हटलं, वाचला. म्हणाल्या, "मग बस. च्या घे." आखाडात माझ्या घरी डबा आला. कुरडया.

गेल्या वर्षी त्या गावाला गेलो होतो. तहसील कचेरीतल्या भिंतीवर तालुक्याचा नकाशा आहे, त्यात हायस्कूलचं मैदान अजून हेलिपॅड म्हणून दाखवलंय. मी मैदानात जाऊन उभा राहिलो. पश्चिमेला तीन मजली व्यापारी संकुल, कडेपासून साठ फुटांवर. उत्तरेला मोबाईलचा मनोरा. पूर्वेला आजींचं माळवद गेलंय, तिथं स्लॅब पडलाय. स्लॅबवर नातसून वाळवण घालत होती, प्लास्टिकच्या कागदावर. चारी कोपऱ्यांवर तिनं विटा ठेवल्या होत्या.