रूळ घुमतो, सागवान बोलतं

(दृश्य: जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा. तारेनं टांगलेला रुळाचा तुकडा.)

विदर्भातल्या कितीतरी खेड्यांत शाळेची घंटा म्हणजे रुळाचा असा तुकडा. ठोका पडून पोरं पटांगणात पोचली, तरी रूळ थरथरतच असतो. तोच ठोका सागवानाच्या फळीवर मारा. ठक्. संपलं.

यावरून वाटतं, लाकडातून आवाज नीट जातच नसेल. पण आकडे पाहा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, पोलादाच्या सळईत 5000 च्या आसपास, आणि सागवानात, उभ्या रेषेनं, 4000 च्या वर. आडव्या रेषेनं मात्र वेग तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतो, कारण झाडाचे धागे उभे असतात आणि आवाज त्यांचीच वाट धरतो.

(दृश्य: लाकडाचा डेपो. ओंडक्यावर कुऱ्हाडीची उलटी बाजू आपटते.)

जाणता माणूस ओंडका असा ठोकून बघतो. आतून पोकळ किंवा कुजका असेल, तर आवाज बद्द येतो.

मग फळीवरचा ठोका इतक्या लवकर का विरतो? धातूच्या आत घर्षण फार कमी, त्यामुळे थरथर आतल्या आत टिकून राहते. लाकडाच्या धाग्यांत आणि पोकळ पेशींत दर कंपनाला थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. दुसरी गोष्ट वजनाची. घनमीटरभर पोलाद 7850 किलो भरतं, वाळलेलं सागवान साधारण 650. हलकी, पातळ फळी तेवढ्याच जोरात जास्त हलते, जास्त हवा ढकलते. धातू आपला आवाज पुरवून पुरवून वापरतो. लाकूड तो एकदम हवेला देऊन टाकतं. सतारीची तार पोलादाची आणि तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची पातळ फळी, लाकडाची, ती यासाठीच.

(दृश्य: गडचिरोलीचं रान. चरणारी गुरं.)

इथं गुरांच्या गळ्यात लाकडी घंटा दिसते. तिचा आवाज खालच्या पट्टीतला, तुटक. बारीक, उंच आवाज पानांत आणि खोडांत विखुरतो. खालचा आवाज झाडीतून दूरवर येतो. कुणी याला धातू न परवडणाऱ्यांची घंटा म्हणेल. मला ती रानाला साजेशी, विचारपूर्वक निवडलेली वस्तू वाटते.

(दृश्य: अमरावती जिल्हा, मोझरी. खंजिरीवर भजन.)

आणि ही खंजिरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ती विदर्भाच्या गावागावांत नेली. लाकडाचं कडं, त्यावर चामडं, खाचांमध्ये खिळ्यावर सैल बसवलेल्या धातूच्या चकत्या. सैल आहेत म्हणूनच त्या छनछनतात. घट्ट ठोकल्या तर मुक्या होतील. कडं हलकं, रात्रभर एका हातात पेलतं. आणि ते स्वतः घुमत राहत नाही, त्यामुळे चामड्याची थाप वेगळी ऐकू येते, चकत्या वेगळ्या, आणि भजनाचे शब्द या दोन्हींच्या वर स्वच्छ उमटतात.