हँडल मारतंय

(पहाट. घोडबंदर रोड. गाडीच्या आतून मोबाइलवर घेतलेलं चित्रण.)

हे हात बघा. हात गच्च धरलेले आहेत, तरी हँडल, म्हणजे गाडीचं स्टेअरिंग, गप्प बसत नाहीये.

सकाळचे पावणेसहा. मानपाड्याचा उड्डाणपूल मोकळा. काटा पंचावन्नवर. आता पुलाचा जोड येईल.

टक.

(सहा सेकंद निवेदन नाही. नुसता आवाज.)

एडिटिंगला बसल्यावर आम्ही हे फ्रेम-फ्रेम करून मोजलं. एका सेकंदाच्या पंचवीस फ्रेममध्ये हँडल सात वेळा डावी-उजवीकडे जाऊन येतं. ब्रेक मारून ते थांबत नाही. पाय अॅक्सिलरेटरवरून काढायचा, हँडल धरून ठेवायचं आणि काटा पस्तीसच्या खाली येण्याची वाट बघायची. तेवढ्या वेळात मागचा डंपर हॉर्न देतो, तोही या चित्रणात आहे.

गॅरेजात याला म्हणतात, ‘हँडल मारतंय.’ गाडीवेडी पोरं ‘वॉबल’ म्हणतात. अमेरिकेतले जीपवाले तर सरळ ‘डेथ वॉबल’च म्हणतात.

(कळवा. सोसायटीच्या आवारात उभी असलेली मारुती जिप्सी. हिरवा रंग, बॉनेटवर उडालेला.)

गाडी 1998 ची. जिप्सी किंग, नंबर ठाण्याचा, एमएच-04. ही गाडी चालवणाऱ्या ताईंच्या वडिलांनी नवी घेतली होती. मुरबाडकडे त्यांची थोडी जमीन आहे आणि तिथवर पावसाळ्यात दुसरं काही पोचत नसे. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते, आणि मग दर पाच वर्षांनी. म्हणजे 2013, 2018 आणि 2023. तिन्ही वेळा गाडी पास झाली. शेवटच्या वेळी ताईंनी एकटीनं नेली. बाबा नव्हते.

जिप्सी आपल्याकडे आली 1985 मध्ये. इंजिन लहान, हजार सीसीच्याही आतलं. 1996 ला तेराशे सीसीची किंग आली. लष्कर, पोलीस, ताडोब्याची सफारी, सगळीकडे हीच. आता ती बनत नाही. आहेत त्या टिकवायच्या किंवा मोडीत घालायच्या.

(गाडीखालून. कॅमेरा डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत सावकाश सरकतो.)

हा भाग नीट बघून ठेवा. पुढचं सगळं इथेच घडतं.

आपल्या रोजच्या गाडीत पुढची दोन चाकं आपापली वर-खाली होतात. जिप्सीत तसं नाही. या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच लोखंडी नळी आहे, अख्खा अॅक्सल, आणि तो दोन पाट्यांवर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, बसवलाय. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्यालाही कळतं. नळीच्या दोन्ही टोकांना नारळाएवढा गुळगुळीत गोळा दिसतोय, त्याच्याभोवती नॅकल फिरतं. नॅकल फिरलं की चाक वळतं. आणि ते फिरतं दोन खिळांवर, एक वर, एक खाली. हे किंग पिन. प्रत्येक पिनला एक टेपर बेअरिंग, चिमटीत मावेल एवढं. एवढ्या मोठ्या गाडीची दिशा अशा चार बेअरिंगांवर.

दोन्ही चाकांना जोडणारा हा आडवा दांडा म्हणजे टायरॉड. एका चाकाला झटका बसला की तो टायरॉडमधून दुसऱ्याकडे जातो, तिथून परत येतो. किंग पिन पुरेसे घट्ट असतील तर हेलकावा दोन फेऱ्यांत विरतो. ढिले असतील तर तो स्वतःलाच ढकलत राहतो. झोक्यासारखं. कुणी जोर लावत नाही, पण झोका वर जातोच.

(टायरचं दुकान. फक्त फलकाचा कोपरा, नाव दिसत नाही.)

तीन महिन्यांत ताईंनी तीन ठिकाणं केली. पहिल्यानं बॅलन्सिंग केलं. दुसऱ्यानं टायरच बदलायला लावले, दोन नवे. तिसऱ्यानं स्टेअरिंग डँपर, म्हणजे हँडलचे झटके शोषणारा दट्ट्या, नवा टाकला, आणि त्यानंतर पंधरा दिवस खरंच बरं वाटलं.

त्यांना मूर्ख म्हणायचं कारण नाही. पंचावन्नच्या वेगाला हे चाक सेकंदाला साधारण सात वेळा फिरतं आणि हँडलही सातच वेळा हलतं. संशय चाकावर जाणारच. फक्त तिघांपैकी एकानंही गाडी जॅकवर घेतली नाही.

(वागळे इस्टेट. शटर अर्धं वर. आत ट्यूबलाइट.)

1962 मध्ये एमआयडीसी आली, वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. आता या रस्त्याला काचेच्या इमारती जास्त आणि लेथ कमी. हे गॅरेज दोन इमारतींच्या मधल्या बोळात आहे. मेस्त्री इथे चाळीस वर्षं आहेत. कॅमेऱ्यासमोर बोलायला त्यांनी पहिल्याच दिवशी नकार दिला. ‘हाताचं शूट करा,’ म्हणाले. म्हणून या फिल्ममध्ये त्यांचा चेहरा नाही.

पहिला अर्धा तास त्यांनी पाना उचलला नाही. स्टुलावर बसून प्रश्न विचारले.

(मूळ आवाज.)
‘जोडावरनं गेल्यावरच मारतंय, का आपसूक?’
‘जोडावर नक्की. कधी कधी आपसूक पण.’
‘हँडलला लागतंय का बुडाला, ताई?’
‘हँडलला. सीटला नाही.’
‘सिग्नलला वळलात, हात सोडला. हँडल मागं येतं?’
ताई थांबतात. ‘नाही. मलाच आणावं लागतं. आधी यायचं.’

मेस्त्री ‘हं’ म्हणतात. त्या ‘हं’चा अर्थ आम्हाला दुसऱ्या दिवशी कळला.

(डँपर निघतो. जमिनीवर ठेवल्याचा आवाज.)

सगळ्यात आधी तो नवा डँपर काढला. तो खराब नव्हता. पण तो असेपर्यंत ढिलाई दिसत नाही. ताप मोजायच्या आधी क्रोसिन द्यायची नाही, असं त्यांच्या पोऱ्यानं आम्हाला समजावलं.

मग गाडी जमिनीवरच ठेवून, इंजिन बंद. पोऱ्या वर बसून हँडल थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, सारखं हलवत राहिला. मेस्त्री खाली आडवे, एकेका सांध्यावर बोट ठेवून. डोळ्यांना न दिसणारा खेळ बोटाला कळतो. ड्रॅग लिंक, म्हणजे स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा, ठीक. टायरॉडचं डावं टोक किंचित ढिलं, ‘पण एवढ्यानं एवढं नाही.’ स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट घट्ट. पाट्यांचे यू-बोल्ट घट्ट.

(गाडी जॅकवर. अॅक्सलखाली दोन घोडे, म्हणजे लोखंडी टेकू. चाकाचा क्लोज-अप.)

आता हे बघा. चाक हवेत. मेस्त्रींचा एक हात वर, बाराच्या जागी. एक खाली, सहाच्या. आत-बाहेर झटका.

कट्. कट्.

‘ताई, ब्रेक दाबा.’

आवाज ऐका. कट्. कट्. ब्रेक दाबला तरी तसाच.

हा फरक कुणालाही घरी करून बघता येतो, फक्त गाडी घोड्यावर भक्कम हवी. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला असता तर दोष हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, बेअरिंगचा. ब्रेकनं हब आणि नॅकल एकमेकांना बांधले जातात. गेला नाही, म्हणजे ढिलाई हबच्या आतल्या बाजूला आहे. म्हणजे किंग पिन. नऊ आणि तीनच्या जागी हात धरून हलवलं असतं तर टायरॉडची टोकं बोलली असती. तेही केलं. ती फारशी बोलली नाहीत.

डावी बाजू संपायच्या आत मेस्त्रींनी पोऱ्याला सांगितलं, ‘खोल.’

(डाव्या नॅकलचं उघडणं. कट न करता.)

इथे आम्ही काहीच कापलेलं नाही. हब निघाला. स्पिंडल निघाला. गोळ्याच्या मागची पट्टी सुटली, तिच्या आत नमद्याचं आणि रबराचं सील. रबर एका ठिकाणी फाटलेलं. पाणी तिथून शिरत असणार. वरच्या किंग पिनचे चार बोल्ट सैल झाले, खाली शिमच्या चकत्या, कागदाइतक्या पातळ. आणि मग आतलं ग्रीस.

ग्रीस म्हणायचं म्हणून. चिंचेच्या कोळासारखं काहीतरी, तांबूस. मेस्त्री ते बोटावर घेऊन उजेडात धरतात. गंजाचे कण चमकतात.

(बेअरिंगचा कप. अगदी जवळून.)

हा बेअरिंगचा बाहेरचा कप. आतून आरशासारखा असायला हवा. या रेघा मोजा. प्रत्येक रोलरनं आपली एक खाच पाडलीय. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे रोलर वर्षानुवर्षं त्याच जागी बसून ठोके खातात. पाणी आणि संपलेलं ग्रीस उरलेलं काम करतात. मेस्त्री पिन हातानं फिरवतात आणि मधोमध ती अडखळते. खाचेत बसते, खाचेतून निघते.

‘फिरतंय पण आणि अडकतंय पण,’ पोऱ्या म्हणतो. या अख्ख्या शूटमधलं सगळ्यात चांगलं वाक्य त्याचं.

(दुसरा दिवस. नवीन बेअरिंग. रद्दीवाल्याकडे असतो तसला हुकाचा काटा.)

नवीन कप ठोकून बसवले, ग्रीस गच्च भरलं. सील लावण्याआधी काटा. हुक टायरॉडच्या भोकात अडकवायचा आणि नॅकल ओढायचं. हललं त्या क्षणी किती वजन दिसतंय ते वाचायचं. पहिल्यांदा अर्धा किलोही नाही. वरची एक चकती काढली, बोल्ट पुन्हा आवळले. सव्वा किलो. आणखी एक पातळ चकती. दीडच्या जरा वर. मेस्त्री तिथे थांबले. फार आवळलं तर बेअरिंग मरतं आणि हँडल जड होतं. चकत्या कमी-जास्त करण्यात एका बाजूला सव्वा तास गेला. आम्ही तो दीड मिनिटात दाखवतोय, पण तो सव्वा तास होता.

(मेस्त्री गाडीपासून लांब उभे. बाजूनं बघतायत.)

आणि आता तो ‘हं’.

पाट्याच्या पुढच्या टोकाला ही जी लोंबती कडी आहे, ती शॅकल. या गाडीवर मूळच्यापेक्षा दोन इंच लांब शॅकल होते. गाडी उंच दिसावी म्हणून मधल्या काळात कुणीतरी बसवलेले. ताईंच्या धाकट्या भावाचं या प्रसंगी कॅमेऱ्याबाहेर पाहणं आम्ही ठेवलंय.

सायकलचा चिमटा आठवा. तो उभा सरळ नसतो, वरून मागे झुकलेला असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. किंग पिनही तसाच मागे कललेला असतो, याला कॅस्टर म्हणतात. जिप्सीला तो साडेतीन अंश हवा. पाट्याचं पुढचं टोक शॅकलनं दोन इंच खाली ढकललं की अख्खा अॅक्सल पुढे गुडघे टेकल्यासारखा फिरतो. मेस्त्रींनी कोनमापक किंग पिनच्या टोपणावर ठेवला. आकडा स्क्रीनवर आहे. एक अंशसुद्धा नाही.

म्हणून वळल्यावर हँडल मागं येत नव्हतं. म्हणून मॉलमधल्या ट्रॉलीच्या चाकासारखं ते फडफडत होतं. बेअरिंग एकटी असती तर कदाचित आणखी वर्षभर चाललं असतं, शॅकल एकटे असते तर नुसतं हँडल भरकटल्यासारखं वाटलं असतं. दोघांनी मिळून केलं.

मूळ मापाचे शॅकल कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मिळाले. टायरॉडचं ते एक टोक बदललं, टो-इन, म्हणजे पुढची चाकं किंचित आत वळलेली असण्याचं माप, खडू आणि टेपनं जुळवलं. डँपर, तोच, परत बसवला. एकूण खर्च आधीच्या दोन टायरांपेक्षा कमी.

त्या तीन महिन्यांत एकदा, मुरबाडच्या अलीकडे, हँडल मारायला लागलं आणि गाडी रस्त्याखाली उतरली होती. कुणाला लागलं नाही.

(पहाट. पुन्हा मानपाडा. तीच चौकट, तेच हात.)

पंचावन्न. जोड.

टक.

(सहा सेकंद निवेदन नाही.)

पातलीपाड्याचा पूल. साठ. वाघबीळ. सत्तर. ताईंनी हात हँडलवर नुसते ठेवलेत. मेस्त्री शेजारी बसलेत, मान खाली. त्यांनी तळवा गाडीच्या तळाला टेकवलाय, गिअरच्या मागे.

(मूळ आवाज.)
‘न्यूट्रल करा, ताई. क्लच सोडा.’
गाडी तशीच धावतेय, इंजिन शांत.
‘आहे अजून. इंजिन नाही.’
‘काय आहे? मला तर काहीच लागत नाहीये.’
‘हँडलला नाही. बुडाला लागतंय. बारीक.’

चाकाच्या एका फेऱ्यात प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद अॅक्सलकडे नेणारा दांडा, साधारण चार फेरे मारतो. सत्तरच्या वेगाला सेकंदाला पस्तीसच्या वर. म्हणून ही थरथर हेलकाव्यासारखी नाही, भुणभुण वाटते. फोर-व्हील लावलेलं नाही, पुढचे हब मोकळे आहेत, म्हणजे पुढचा शाफ्ट आत्ता फिरतच नाहीये. उरला मागचा.

‘मागचा क्रॉस गेलाय,’ मेस्त्री म्हणतात. क्रॉस म्हणजे शाफ्टचा सांधा. ‘पुढच्या रविवारी आणा. घाई नाही, पण आणा.’

(गायमुखला गाडी वळते. ताई हात सोडतात. हँडल आपसूक मागं येतं.)