कामठी : छावणी ओसरल्यावर उरलेले गाव

नागपूरच्या सीताबर्डीहून उत्तरेकडे निघालेला रस्ता गड्डीगोदाम, इंदोरा आणि ऑटोमोटिव्ह चौक मागे टाकत सुमारे १६ किलोमीटरवर कन्हान नदीच्या उजव्या काठाला पोहोचतो. नागपूरकर त्याला कामठी रोड म्हणतात. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आज दुकाने, गोदामे, मंगल कार्यालये आणि रहिवासी इमारती इतक्या सलग उभ्या आहेत, की नागपूर कुठे संपले आणि कामठी कुठे सुरू झाली हे प्रवाशाच्या सहज ध्यानात येत नाही. कामठीला नागपूरचे एक लांबचे उपनगर समजण्याची सवय त्यातूनच जडली आहे. ही समजूत दुरुस्त करणे आवश्यक वाटते. कामठीची नगरपरिषद वेगळी आहे, छावणीचा नागरी कारभार पाहणारे कटक मंडळही वेगळे आहे, आणि तिचा जन्म नागपूर वाढल्यामुळे झालेला नसून नागपूरवर नजर ठेवण्याच्या गरजेतून झालेला आहे.

मे १८१६ मध्ये आप्पासाहेब भोसले यांनी ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. दीड वर्षाच्या आत, नोव्हेंबर १८१७ मध्ये, सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसल्यांची फौज आणि कंपनीची फौज समोरासमोर आली. भोसल्यांचा पराभव झाला, पुढे आप्पासाहेब पदच्युत झाले आणि अल्पवयीन तिसऱ्या रघुजींच्या नावाने कंपनीचे दरबारातील प्रतिनिधी म्हणजे रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स राज्याचा कारभार पाहू लागले. राजधानी ताब्यात आली होती, पण ती ताब्यात ठेवण्यासाठी फौज जवळ हवी होती. ही फौज शहराच्या गल्लीबोळात न ठेवता, हाकेच्या अंतरावर, भरपूर पाणी असलेल्या मोकळ्या जागी ठेवणे कंपनीला सोयीचे होते. पेंच आणि कोलार या नद्या कन्हानला जिथे मिळतात त्याच्या थोडे खाली अशी जागा मिळाली आणि १८२१ मध्ये कामठीची छावणी वसली. महालातले वाडे, इतवारीतल्या ओळी आणि जुम्मा तलावाभोवतीची वस्ती ही नागपूरची ठेवण पिढ्यांच्या वहिवाटीतून घडली होती. कामठीचे रुंद, सरळ रस्ते मात्र आधी आखले गेले आणि माणसे नंतर आली.

फौजेमागून बाजार येतो. सैन्याला धान्य, कापड, चामडे, जनावरे आणि चारा पुरवणारे व्यापारी आले. मद्रास प्रांताच्या पलटणींबरोबर तेलुगू आणि तमिळ भाषक कुटुंबे आली. राजस्थानातून सावकार आले. बिकानेरच्या डागा घराण्याची बन्सीलाल अबीरचंद ही पेढी कामठीशी जोडलेली होती, आणि ज्यांच्या नावाचे कस्तुरचंद पार्क नागपूरच्या मध्यभागी आहे ते सर कस्तुरचंद डागा याच घराण्याचे. गोरा बाजार हे नाव तर गोऱ्या सैनिकांच्या वस्तीची खूण आजही सांगते. जून १८५७ मध्ये नागपूरजवळ टाकळी येथील घोडदळात उठावाची तयारी चालल्याचे उघडकीस आले, तेव्हा रेसिडेन्सीच्या रक्षणासाठी कामठीच्याच पलटणी बोलावल्या गेल्या. ज्या कामासाठी छावणी वसवली होती ते काम तिने केले. या भूमीच्या दृष्टीने तो अभिमानाचा दिवस नव्हता, हे नोंदवणेही गरजेचे आहे.

कामठीच्या परिसरातील खडकाचा उल्लेख इथे केलाच पाहिजे, कारण त्याच्यामुळे या गावाचे नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. ज्यांच्या नावाने नागपुरात हिस्लॉप कॉलेज चालते ते स्कॉटिश धर्मोपदेशक स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये या भागात आले. धर्मप्रचार आणि शाळा सांभाळून ते खाणींमधून हिंडत. कामठी आणि जवळच्या सिलेवाडा येथील वालुकाश्मात त्यांना ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडले. लोखंडाच्या अंशाने तांबूस झालेल्या या खडकांच्या थरांना पुढे ‘कामठी’ हेच नाव देण्यात आले. गोंडवन काळातील थरांच्या वर्गीकरणात ते नाव आजही कायम आहे. याच पट्ट्यात खाली दगडी कोळसा आहे. सिलेवाडा आणि वलनीच्या खाणी, खापरखेडा आणि कोराडी येथील वीज केंद्रे ही सगळी त्याच भूगर्भाची देणगी आहे.

१८६७ मध्ये मुंबईहून आलेली रेल्वे नागपूरला पोहोचली. १८८० नंतरच्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा मार्ग झाला, त्यावर कामठीलाही स्टेशन मिळाले. परंतु स्टेशन मिळूनही बाजारपेठ राहिली नाही. पूर्वी बैलगाड्यांचे तांडे नदीकाठी थांबत, तेथे माल उतरे, दर ठरत. आता माल थेट नागपूरला जाऊ लागला आणि त्यामागोमाग अडते आणि दलालही गेले. शिबंदीही कमी करण्यात आली. १८८१ च्या शिरगणतीत सुमारे ५१ हजार असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ३८,८८८ वर आली. दर चार माणसांमागे जवळपास एक माणूस वीस वर्षांत कमी झाला. छावणीच्या आधाराने उभे राहिलेले गाव इथे विस्कटून गेले असते तर नवल वाटले नसते. ते विस्कटले नाही, कारण तोवर त्याला स्वतःचे उद्योग मिळाले होते.

त्यातला पहिला उद्योग विणकाम. १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तर भारतातून निघालेली मोमीन विणकर कुटुंबे मालेगाव आणि भिवंडीप्रमाणेच नागपूर आणि कामठीतही स्थिरावली. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून विणकर बसे, पायाने पावड्या दाबी आणि हाताने धोटा इकडून तिकडे फेकी. ताण्याची तयारी, कांड्या भरणे ही कामे घरातल्या बाया आणि मुले करीत. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर गिरणीच्या स्वस्त कापडाशी स्पर्धा सुरू झाली, पुढे यंत्रमाग आले. तरी वारिसपुरा, इस्माईलपुरा, बुनकर कॉलनी या वस्त्यांनी विणकामाबरोबर उर्दू भाषाही जपली. मुशायरे, मदरसे आणि उर्दू माध्यमाच्या शाळा हा कामठीचा सांस्कृतिक कणा आहे. आणि फुटबॉल! विदर्भात क्रिकेटचे वेड कितीही असो, कामठीच्या मैदानावर संध्याकाळी पोरे फुटबॉलच खेळताना दिसतात, आणि रब्बानी क्लबचे नाव नागपूर जिल्ह्याच्या फुटबॉलमध्ये आदराने घेतले जाते.

दुसरा उद्योग विडीचा, आणि कामठीचे मन समजून घ्यायचे असेल तर इथे थोडे थांबावे लागेल. विडीला यंत्र लागत नाही. तेंदूचे पान, तंबाखू, दोरा, कात्री आणि बोटांचे कसब एवढ्यावर ती होते. पाने भिजवून मऊ केली जातात, पत्र्याचा फर्मा ठेवून एका मापाची कापली जातात. मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई पानात चिमूटभर तंबाखू घालते, अंगठ्याने पान वळते, तोंड दुमडून बंद करते आणि दोऱ्याचे दोन वेढे देते. पंचवीस विड्यांचा एक कट्टा होतो, मजुरी मात्र हजारावर ठरते. विडी सैल असेल, पान फाटके असेल, तर ती छाट म्हणून बाजूला काढली जाते आणि तिचे पैसे कापले जातात. छाट किती काढायची हे सट्टेदाराच्या, म्हणजे विड्या करून घेणाऱ्या कंत्राटदाराच्या, हातात असे. दिवसभराच्या श्रमाचा निकाल त्या एका क्षणी लागे, आणि कामगाराला दाद मागण्याची सोय नव्हती.

या व्यवस्थेविरुद्ध उभे राहिलेले नाव बाबू हरदास एल. एन. यांचे. ६ जानेवारी १९०४ रोजी कामठीत त्यांचा जन्म झाला. वडील रेल्वेत कारकून होते. हरदास नागपूरच्या पटवर्धन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले आणि दलित समाजात शिक्षण दुर्मीळ असलेल्या त्या काळात त्यांनी आपले शिकणे वस्तीच्या कामी लावले. त्यांनी साप्ताहिक काढले, रात्रशाळा चालवल्या, पोटजातींच्या भिंती पाडण्याचा आग्रह धरला आणि विडी कामगारांची संघटना बांधली. १९३७ मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले. १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी नुकतीच पस्तिशी ओलांडली होती.

आज देशभर दिले जाणारे ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय याच हरदासांना दिले जाते. मुसलमान एकमेकांना भेटताना सलाम करतात, मग आपल्या माणसांनीही एकमेकांना भेटताना आपले असे काही म्हणावे, हा विचार त्यांच्या मनात आला, असे सांगितले जाते. हा विचार कामठीत सुचावा यात मला मोठा अर्थ दिसतो. मोमीन विणकरांच्या आणि महार विडी कामगारांच्या वस्त्या इथे शेजारी-शेजारी आहेत, आणि सलामाला दिले जाणारे उत्तर येथे रोज कानावर पडते. शेजाऱ्याची एक चांगली रीत पाहून हरदासांनी आपल्या समाजाला मान वर करून बोलण्याचा शब्द दिला.

छावणीनेही पुढे वेगळे वळण घेतले. दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंटची उभारणी झाली, तेव्हा तिची दुसरी पलटण कामठीत उभी राहिली. इंग्रजांनी ज्यांची भरती पूर्वी बंद केली होती त्या समाजाचे तरुण याच मैदानावर पुन्हा संचलनास उभे राहिले. आज येथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि राष्ट्रीय छात्र सेनेच्या अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमीही आहे. देशभरातल्या महाविद्यालयांतील प्राध्यापक तेथे प्रशिक्षणासाठी येतात. छावणीच्या हद्दीत शिरताच झाडांची दाटी वाढते आणि रस्ता शांत होतो. पलीकडच्या बाजारातला गजबजाट तिथवर पोहोचत नाही.

१९९९ मध्ये जपानच्या ओगावा सोसायटीच्या सहकार्याने सुलेखा कुंभारे यांनी कामठीत ड्रॅगन पॅलेस टेम्पल उभारले. हे बुद्धविहार ज्या परिसरात आहे त्याला त्यांचे वडील आणि विडी कामगारांचे नेते दादासाहेब कुंभारे यांचे नाव आहे. आत चंदनाची बुद्धमूर्ती आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आलेले हजारो अनुयायी तेथून कामठीला येतात. परिसरातील विपश्यना केंद्राचे उद्घाटन सप्टेंबर २०१७ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. देखणी वास्तू म्हणून हे विहार पर्यटकांच्या यादीत आले आहे. परंतु विडी वळणाऱ्या हातांनी उभ्या केलेल्या चळवळीचा वारसा त्यामागे आहे, ही गोष्ट माहितीपत्रकांतून सांगितली गेली पाहिजे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कामठी रोडवर एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक हा ५.६७ किलोमीटरचा दुमजली उड्डाणपूल खुला झाला. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात ऑटोमोटिव्ह चौकापासून कामठीमार्गे कन्हान नदीपर्यंत मार्गिका नेण्याचे ठरले असून या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. येरखेडा आणि रनाळा या शेजारच्या गावांतील शेतजमिनींवर घरांच्या योजना आधीच उभ्या राहिल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तेव्हा तिने कामठीचा बाजार नागपूरला नेला. मेट्रोने माणसे दोन्ही दिशांना जातील. कामठीचा विद्यार्थी अर्ध्या तासात नागपूरच्या महाविद्यालयात पोहोचावा, हे चांगलेच. पण त्याच गाडीने नागपूरचा माणूसही वारिसपुऱ्याच्या मागावर, फुटबॉलच्या मैदानावर आणि कन्हानच्या घाटावरील हरदासांच्या स्मारकापाशी उतरावा, यासाठी स्थानकांची जागा, त्यांची नावे आणि तिथून वस्तीत जाणारे रस्ते ठरवताना कामठीकरांना विचारले जावे, एवढी मागणी या गावाची आहे, आणि ती रास्त आहे.