बाहेरचं खाल्लं नाही, तरी जुलाब का लागले?

नमस्कार मंडळी! पाऊस सुरू झाला की कमेंटमध्ये एकच प्रश्न येतो, सर आम्ही पाणीपुरीला हात लावला नाही, हॉटेलात गेलो नाही, तरी अख्खं घर आजारी कसं पडलं? म्हणून आज त्यावरच बोलू.

बेसिक पटकन सांगतो. दूषित अन्नामुळं जगात दरवर्षी साधारण १० पैकी १ माणूस आजारी पडतो, डब्ल्यूएचओचा २०१५ चा अंदाज आहे, म्हणजे ६० कोटी लोक. सगळं बॅक्टेरियामुळं नसतं, व्हायरसही असतो, पण साल्मोनेला, ई. कोलाय, शिगेला, कॅम्पायलोबॅक्टर या बॅक्टेरियांची नावं रिपोर्टवर दिसतात.

आता मुद्द्याचं. आपल्या सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळं घराघरात पिंप, टाकी, घागरी भरलेल्या. लोक लिहितात, आम्ही उकळून पितो, फिल्टर लावलाय. अहो छान, पण ते पाणी काढता कशानं? तांब्या बुडवून! बोटं पाण्यात गेली की उकळलेलं वाया. परवा आत्याकडं बघितलं, नातवाची लंगोट बदलली, हात नुसत्या पाण्याखाली धरले आणि तसाच तांब्या माठात, पार बोटांच्या पेरापर्यंत. शिगेलाचे १० ते १०० जंतूसुद्धा पुरतात हो माणूस आजारी पडायला, एवढे तर नखात बसतात. तुरटी फिरवतो म्हणणाऱ्यांना सांगतो, तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरतील याचा भरवसा नाही. लांब दांड्याचं ओगराळं घ्या नाहीतर नळाचा माठ घ्या, झाकण ठेवा, हात साबणानं धुवा. यासाठी हात जोडतो मी.

धोका कुणाला जास्त? ५ वर्षांखालची लेकरं, म्हातारी माणसं, गरोदर बाया, शुगरवाले, किडनीचे पेशंट, केमो चालू असलेले. आणि एक गट कुणाच्या लक्षातच येत नाही, रोज उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेणारे. पोटातलं ॲसिड बरेच जंतू मारतं, ते कमी झालं की जंतूंना पुढं जायला वाट मोकळी. म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नका, पण वर्षानुवर्षं चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, अजून गरज आहे का.

एका ताईंनी विचारलंय, मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून ठेवू का? नको ताई. बहुतेक जुलाब आपोआप थांबतात, तोवर ओआरएस, म्हणजे पाण्यात विरघळवायची मीठ-साखरेची पावडर, द्या, १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच, अर्धं पाकीट ग्लासात अंदाजानं नको. शौचात रक्त, लघवी बंद, लेकरू मलूल पडलं, तोंडावाटे काही टिकेना, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच रात्री दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही.