दोन इमारतींमधलं अंतर

(दृश्य: किसननगर, वागळे इस्टेट, ठाणे. भरदुपार. कॅमेरा अरुंद बोळातून आत शिरतो.)

बाहेर ऊन मी म्हणतंय आणि तळमजल्यावरच्या या खोलीत ट्यूबलाइट चालू आहे. खिडकी आहे. पण त्या खिडकीतून हात लांब केला, की समोरच्या इमारतीचा पाइप हाताला लागतो.

1960 च्या दशकात एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत इथे, वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. कारखान्यांना माणसं लागली, माणसांना घरं लागली. ती कुणी आखली नाहीत. जागा मिळेल तशी वर चढत गेली. ठाण्यात इतरत्रही हेच झालं. 4 एप्रिल 2013 ला शिळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमध्ये बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली. 74 जीव गेले.

त्यानंतर क्लस्टरच्या, म्हणजे सामूहिक पुनर्विकासाच्या, मागणीने जोर धरला. एकेक इमारत पाडत बसण्यापेक्षा अख्खा पट्टाच हाती घ्यायचा, रस्ते-मैदानं आखायची, मग बांधायचं. योजना महापालिकेची, किसननगरात बांधणीसाठी सोबतीला सिडको ही सरकारी कंपनी. 2023 मध्ये भूमिपूजनही झालं.

(दृश्य: नकाशावर ठिपक्यांसारख्या इमारती, मग उंच टॉवर.)

एफएसआय 4 पर्यंत. म्हणजे हजार चौरस मीटर जागेवर चार हजारांचं बांधकाम. रहिवाशांना घर फुकट, खर्च निघायचा विक्रीच्या घरांतून. मग मोक्याची बाजू विक्रीच्या टॉवरला जाते आणि उरलेल्या कोपऱ्यात पुनर्वसनाच्या इमारती खेटून उभ्या राहतात. यात दरवेळी कुणाची नियतच खोटी असते असं नाही. टेंडरमध्ये जे लिहिलेलं नाही, ते कुणी पदरमोड करून देत नाही, इतकंच.

खेटून म्हणजे किती? गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड बघा. प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या पक्क्या इमारती, मधे जेमतेम 3 मीटर. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी तिथे पाहणी केली, तेव्हा ऊन-वारा न पोचणाऱ्या घरांत क्षयरोग जास्त आढळला. झोपडी गेली, अंधार मात्र सोबत आला.

(दृश्य: बेलापूर, सेक्टर 8. आर्टिस्ट व्हिलेज.)

सरकारी यंत्रणेला चांगलं जमतच नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा इथे यावं. हेही सिडकोचंच काम, 1980 च्या दशकातलं. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया. सात घरांच्या मधे सुमारे 8 मीटर बाय 8 मीटरचा चौक. असे तीन गट मिळून 12 बाय 12 चा मोठा चौक. लोकांनी पुढे घरं वाढवली, काहींनी पाडून नवी बांधली. चौक मात्र आधीच आखलेले होते.

एफएसआय 4 मध्ये अशी बैठी घरं बसणार नाहीत, हे उघड आहे. पण क्रम उचलता येतो: आधी मोकळी जागा, मग भिंती. महापालिकेच्या हातात खरी ताकद असते ती टेंडर निघण्यापूर्वी. खालच्या मजल्यावर दिवसा उजेड किती, मजल्यावरची मार्गिका किती रुंद, ड्रेनेजच्या डक्टमध्ये दुरुस्तीला माणूस शिरू शकतो का, हे तेव्हाच अटींत लिहावं लागतं. एक नमुना घर आधी बांधून रहिवाशांना दाखवावं. जिला रोज वॉशिंग मशीन लावायचंय आणि दोरीवर कपडे वाळत घालायचेत, तिला नळ कुठे हवा हे अचूक कळतं. आणि नकाशा ज्याने काढला, त्याच वास्तुविशारदाची सही भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत सक्तीची ठेवावी. नाहीतर मधल्या काळात सुधारित नकाशे येतात आणि खिडक्या बारीक होत जातात.

(दृश्य: किसननगर. घडी उलगडलेला मंजूर नकाशा, त्यावर फिरणारं बोट.)

दोन इमारतींमधलं अंतर यावर मीटरमध्ये लिहिलेलं असतं. पाडकाम सुरू होण्याआधी सोसायटीने ते वाचायला मागावं; महापालिकेने दिलं नाही, तर माहिती अधिकारात अर्ज टाकावा.